घाईची क्षमा

१२ जानेवारी

प्रिय ताई,

फोनवर मी नुसता बोलत सुटतो आणि समोरच्याला तोंड उघडू देत नाही, असं तू मला कायम ऐकवत आली आहेस. म्हणून हे पत्र. कंटाळा आला की घडी घालून बाजूला ठेव, चहा पी, मग पुढचं वाच. मला कळणारही नाही.

भाचीकडे रुळलीस ना? जावईबापूंना शिस्त लावायला सुरुवात केली असशीलच. त्यांच्याबद्दल मला खरोखर सहानुभूती वाटते.

आता मुद्द्यावर येतो. परवाच्या रविवारी आपल्या आणि गोऱ्यांच्या मंडळीची पहिली एकत्र उपासना झाली, त्यांच्या मोठ्या चर्चमध्ये. हो, आपणच त्यांच्याकडे गेलो. एकत्र व्हायचं ठरलं त्या सभेत तू उभी राहून म्हणालीस, "चुकले ते, तर उठून त्यांनी यावं. आपण का आपलं घर बंद करायचं?" ते मी विसरलेलो नाही. पण आपल्या चॅपलमध्ये त्यांची निम्मी माणसंही मावली नसती, हे तूही जाणतेस. हात वर झाले, ठराव झाला. तुझा हात खाली होता. दुसऱ्या दिवशी तू सामान बांधलंस आणि मला भेटायलाही आली नाहीस. असो. ते उगाळत बसत नाही.

तू हवी होतीस, ताई. त्यांचे पाळक, ज्यांना तू साखरबुवा म्हणतेस, ते वेदीसमोर आले. काळ्या माणसांना या चर्चमध्ये भिंतीशी उभं केलं जायचं, चुकून पुढच्या बाकावर बसलं तर उठवलं जायचं, प्रभुभोजन गोऱ्यांचं आटोपल्यावर मिळायचं, हे सगळं त्यांनी कागदावरून वाचलं. बाबांना बाकावरून उठवलं आणि बाबा थेट बाहेरच पडले, तेही वाचलं. मग कागद खिशात घातला आणि सगळ्यांसमोर गुडघ्यांवर आले. काहीतरी बोलू पाहत होते, पण शब्द फुटेना. मी धावत पुढे गेलो, त्यांना उठवून मिठी मारली आणि माइकमध्ये म्हणालो, "आम्ही क्षमा केली आहे." काय टाळ्या पडल्या! आपल्या बायका रडत होत्या, त्यांच्या बायका रडत होत्या. मिठीचा फोटो आता चर्चच्या दरवाज्याशी मोठा करून लावला आहे. मी त्यात जरा जाडा दिसतो. तुझी भावजय म्हणते, जरा नाही.

चॅपल आहे तिथेच आहे. काळजी करू नकोस.

सुट्टीत ये. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग काय ते बोल.

तुझा धाकटा

२ मार्च

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. टपालखात्यावर आळ घेण्याचा प्रयत्न करून पाहिला, पण तुझी भावजय म्हणाली, "त्यांना लिहायचं असतं तर त्यांनी लिहिलं असतं." ही बाई माझ्याशी लग्न करून इतकी वर्षं काय करते आहे, कोण जाणे.

इकडे चांगलं चाललं आहे. मी आता सहपाळक आहे. दारावर पाटी आहे, खोलीत हीटर आहे, खुर्ची गोल फिरते. सूचना मी वाचतो, सुरुवातीची प्रार्थना मी करतो, महिन्यातून एकदा उपदेशही माझ्याकडे असतो. मिनिटं ठरलेली असतात. तुला बरंच वाटेल, इतकी वर्षं तूच पहिल्या बाकावरून मला घड्याळ दाखवायचीस.

एक गंमत सांगतो. इथे कोणी कुठे बसावं याला काही नियम नाही. पहिल्याच रविवारी साखरबुवांनी जाहीर केलं, हे सगळ्यांचं घर आहे, हवं तिथे बसा. आणि आपली माणसं काय करतात? दारातून आत येतात आणि सरळ शेवटच्या बाकांवर जाऊन बसतात. न सांगता. चॅपलमध्ये पुढच्या बाकावरून भांडणाऱ्या याच बायका! मी सुतारकाकांना म्हटलं, "काका, तुम्ही तरी पुढे या. तुमचं बघून बाकीचे येतील." ते म्हणाले, "पाळक, इथून दार जवळ पडतं." मी हसलो. तेही हसले, पण जागचे हलले नाहीत. आपल्या चॅपलचं एकेक बाक ज्या माणसाने हाताने रंधा मारून बनवलं, त्याला बाकावर कुठे बसायचं ते मी काय सांगणार?

गाण्याचंही थोडं अवघड आहे. त्यांचा ऑर्गनवाला भला माणूस आहे, पण तो सुरांच्या खुणांचे कागद वाटतो. आपल्या बायका कागद हातात धरतात, पण गातात काहीच नाहीत. आपल्या गाण्यांपैकी महिन्यातून एक घ्यायचं ठरलं आहे. तेही तीन कडव्यांऐवजी एकच कडवं. तुझ्याशिवाय तसंही कोण उचलणार होतं, असं मी त्यांना सांगितलं. तुझ्या नावावर खपवलं, रागावू नकोस.

आणि हो, मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. चॅपलमध्ये सध्या मोठ्या चर्चच्या जास्तीच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. थोड्याच. बाकांना धक्का लावू नका, असं मी बजावलं आहे. बाकं भिंतीला टेकवून उभी केली आहेत.

तुझा धाकटा

२४ मे

प्रिय ताई,

वाईट बातमी आहे. सुतारकाका गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. काकूंनी सकाळी चहा करून हाक मारली तेव्हा कळलं. तुला बातमी आधीच पोहोचली असेल, अशी शंका आहे, कारण फुलं आली होती आणि कार्डावर भाचीच्या गावचा शिक्का होता. माझ्या हातात द्यायलाही कोणाला सांगितलं नाहीस.

अंत्यविधी मोठ्या चर्चमध्ये झाला. चॅपल उघडावं असं काकू म्हणाल्या होत्या, पण खुर्च्या हलवायला माणसं नव्हती. शिवाय मोठ्या चर्चने सगळी तयारी मनापासून केली, गाडी दिली, फुलं दिली. साखरबुवा स्वतः शवपेटीला खांदा द्यायला पुढे झाले. गोरी माणसंही बरीच आली. कितीतरी जणांच्या घरचे दरवाजे-खिडक्या काकांनी केलेले आहेत.

वेळ थोडा होता, दुपारी त्याच जागी एक लग्न होतं. त्यामुळे आपलं गाणं जरा लवकर संपलं. बाकी सगळं नीट पार पडलं.

काकू धीराच्या आहेत. तू त्यांना फोन कर.

तुझा धाकटा

३० मे

ताई,

मागचं पत्र टाकल्यापासून मला झोप नाही. पत्रात खोटं लिहिलं. तू तिथे नव्हतीस, म्हणून मला वाटलं खपून जाईल.

गाणं संपलं नव्हतं. मी थांबवलं.

आपली रीत तुला मी काय सांगायची. ज्याच्या घरचं माणूस गेलं तो पुढे बसतो, मंडळी गायला लागते, आणि तो स्वतः उठून उभा राहीपर्यंत कोणी थांबत नाही. आई गेली तेव्हा मी किती वेळ बसून होतो, तुला आठवत असेल. सगळ्यांचे घसे बसले, बाहेर अंधार पडला, तरी तुम्ही गात राहिलात. तू तर उभी राहून गात होतीस. मला कोणी ऊठ म्हटलं नाही. त्या दिवशी मी बसलो होतो म्हणून आज पाळक आहे, नाहीतर कुठे गेलो असतो देव जाणे.

काकू पुढच्या बाकावर बसल्या होत्या. एकट्याच. मागून आपल्या बायकांनी गाणं उचललं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या तोंड उघडून गायल्या, ऑर्गनवाला हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला. चांगलं चाललं होतं. मग गोरी मंडळी चुळबुळायला लागली. त्यांना रीत माहीत नव्हती, मी सांगितलीच नव्हती. कोणीतरी खोकलं. दारात लग्नाची फुलं घेऊन माणसं उभी होती, ती आत डोकावत होती. काकू काही उठेनात. मला वाटायला लागलं, सगळे माझ्याकडे बघताहेत, माझी माणसं मला आवरत नाहीत असं त्यांना वाटत असेल. आणि मी हात वर केला. असा, तळवा पुढे करून. रस्त्यावर पोलीस गाड्या थांबवतो ना, तसा.

गाणं थांबलं. ताई, मला कोणी सांगितलं नव्हतं. साखरबुवांनी नाही, त्यांच्या वडीलमंडळींनी नाही. त्यांच्यापैकी कोणी हात वर केला असता तर आपली माणसं गातच राहिली असती, भांडली असती. माझा हात होता म्हणून थांबली.

काकू बसूनच राहिल्या. शवपेटी उचलली, बाहेर नेली, तरी त्या बसून होत्या. शेवटी दोघींनी धरून नेलं. माझ्या जवळून गेल्या, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो आहे, असं मी स्वतःला सांगतो आहे. खरं म्हणजे मला हे कोणाला तरी सांगायचं आहे आणि तुझ्याशिवाय माझं कोणी नाही.

धाकटा

१७ ऑगस्ट

प्रिय ताई,

मोठ्या चर्चमध्ये शेवटची बाकं आता रिकामी असतात. आधी काकू यायच्या बंद झाल्या, मग त्यांच्या शेजारणी, मग सगळेच. कोणी भांडलं नाही, कोणी कारण दिलं नाही. रस्त्यात भेटले की "कसे आहात पाळक?" विचारतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. महिन्यापूर्वीच्या एका रविवारी त्या सबंध चर्चमध्ये काळी माणसं दोनच होती, मी आणि तुझी भावजय. आणि दरवाज्याशी तो फोटो.

साखरबुवा तीन आठवड्यांपूर्वी घरी आले. पहिल्यांदाच आले, तेव्हा मला जाणवलं की इतक्या महिन्यांत मीही त्यांना कधी घरी बोलावलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. तुझ्या भावजयीने चहा दिला तो गार झाला. म्हणाले, "माणसं का गेली? मला खरं सांगा. मी काय केलं?" मी नेहमीप्रमाणे म्हणणार होतो, काही नाही, येतील परत. तुझी भावजय ओट्याशी उभी होती. ती पाठमोरीच म्हणाली, "सांगा की. ते विचारताहेत."

मग मी सांगितलं. अंत्यविधीचं, रीतीचं, हाताचं, खुर्च्यांचं, एका कडव्याच्या गाण्याचं. तासभर बोललो असेन. ते मान खाली घालून ऐकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "आता मी एक विचारू? त्या पहिल्या रविवारी तुम्ही मला इतक्या लवकर का उठवलंत?"

मला कळेना. ते म्हणाले, "मी कागद खिशात घातला, कारण पुढचं कागदावर नव्हतं. तुमच्या वडिलांना ज्याने दंडाला धरून बाकावरून उठवलं, तो माझा बाप. आमच्या घरी ही गोष्ट जेवताना हसत हसत सांगायचे. मीही हसलो आहे. ते मला तुमच्या माणसांसमोर सांगायचं होतं. शब्द जमवत होतो, तेवढ्यात तुम्ही धावत आलात, मिठी मारलीत, क्षमा केली म्हणालात. टाळ्या पडल्या. टाळ्यांनंतर कसं सांगणार? मला हायसं वाटलं. त्याचीच लाज वाटते."

ताई, मी का धावलो ते मला आता कळतं. एवढा मोठा गोरा माणूस आपल्यासमोर गुडघ्यांवर, मला ते बघवेना. मला ते लवकर संपवायचं होतं. त्यांचं तर सांगून झालं नव्हतं, आणि आपलं कोणी ऐकूनही घेतलं नव्हतं. दंड बाबांचा होता. बाबांना विचारायला बाबा नाहीत, पण तू होतीस, काका होते, काकू होत्या. मी कोणाला विचारून क्षमा केली? प्रभूने मला पाळक केलं, पण तुम्हा सगळ्यांच्या वतीने तोंड उघडायला कोणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरबुवा चॅपलवर गेले आणि एकेक खुर्ची बाहेर काढली. मला हात लावू देत नव्हते. खुर्च्या थोड्या नव्हत्या, ताई. तेही मी खोटंच लिहिलं होतं. आम्ही बाकं आडवी केली, पुसली. त्यांनी वडीलमंडळींशी भांडून चॅपल पुन्हा आपल्या मंडळीच्या ताब्यात देण्याचं ठरवून घेतलं. त्या सभेत त्यांनी आपल्या बापाचं नाव घेऊन सगळं सांगितलं म्हणे. दोन कुटुंबं तिथल्या तिथे उठून गेली.

मी घरोघर जाऊन सांगितलं, रविवारी चॅपल उघडतं आहे, या. सगळ्यांनी पाणी दिलं, बसायला दिलं. रविवारी मी झगा चढवून उभा राहिलो. तुझी भावजय आली. साखरबुवा, स्वतःची उपासना उरकून, धापा टाकत आले आणि सगळ्यात मागे बसले. बाकी कोणी नाही. मी उपदेश केला नाही. तिघांनी प्रार्थना केली आणि कुलूप लावलं.

चॅपल परत मिळालं, मंडळी नाही. आता तू "मी सांगितलं नव्हतं?" असं म्हणायला मोकळी आहेस. तेवढं तरी लिही.

धाकटा

९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

हे पत्र तुला आधीच्या सगळ्यांपेक्षा लक्ष देऊन वाचावं लागेल. त्यात तूही आहेस.

तुझी भावजय काही रविवार सकाळी निघून जायची आणि दुपारी यायची. चॅपलवर मी एकटाच दार उघडून बसायचो. कुठे जातेस, असं विचारायचं धाडस मला होत नव्हतं. परवा तीच म्हणाली, "चला माझ्याबरोबर. मी विचारलंय त्यांना. झगा नको, आणि बोलायचं नाही."

सुतारकाकूंच्या घरी नेलं. काकांचं काम करायचं मागचं दालन तुला माहीत आहे, फळ्यांचा ढीग एका बाजूला सारला आहे आणि सगळे तिथे बसतात. खोक्यांवर, पायरीवर, काकांच्या टेबलावर. सगळी आपली मंडळी, ताई. एकही घर गळलेलं नाही. मी मूर्खासारखा त्यांच्यासाठी प्रार्थना करत होतो की त्यांचा विश्वास टिकू दे.

काकू दारातच होत्या. मी मान खाली घालून म्हटलं, "काकू, त्या दिवशी..." त्यांनी मला तिथेच थांबवलं. "आज नको. तुला बोलून मोकळं व्हायचंय. मला अजून ऐकायचं नाहीये. ऐकायचं होईल तेव्हा मी बोलावीन. बसायचं असेल तर बस." पाळक म्हणाल्या नाहीत. आई हयात असताना अरेतुरे करायच्या, तसंच केलं. मला त्याचंच इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. दारापाशी, चपलांच्या बाजूला एक उलटी बादली होती, तिच्यावर बसलो. कोणी सरकून जागा दिली नाही, कोणी हाकललंही नाही.

मग काकूंनी टेबलावर फोन ठेवला, स्पीकर मोठा केला, आणि फोनमधून तुझा आवाज आला.

तू घसा साफ केलास, नेहमीसारखा दोनदा. मग पहिली ओळ उचललीस आणि सगळ्यांनी धरली. पूर्ण गाणं, सगळी कडवी. सभेच्या दिवसापासून मी तुझा आवाज ऐकला नव्हता. सर्दी झालेली आहे तुला, वरच्या सुराला आवाज फाटत होता. मी तोंडावर हात दाबून बसलो होतो. मला बोलायचं नव्हतं, तसं कबूल केलं होतं. गाऊ का, हे विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून गायलोही नाही. म्हणजे दर रविवारी तू इथे होतीस. माझ्या पत्रांना उत्तर नव्हतं, पण तू आपली माणसं सोडून कुठे गेलीच नव्हतीस. सोडून मी गेलो होतो.

गाणं संपल्यावर तू काकूंना विचारलंस, "आज कोण कोण आलंय?" काकूंनी एकेकाचं सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि एक जण नवीन आहे. दाराशी बसलाय."

तू म्हणालीस, "अगं, मग दाराशी का? पुढे बसवा त्यांना. आपल्याकडे कोणी मागे बसत नाही."

तुझी भावजय जमिनीकडे बघत होती. काकू माझ्याकडे बघत होत्या, बराच वेळ. मग त्यांनी आपल्या शेजारच्या खोक्यावरचा टॉवेल उचलला. मी उठलो, सगळ्यांच्या मधून गेलो आणि तिथे बसलो. काकू फोनमध्ये म्हणाल्या, "बसवलं गं."

तुला माहीत नव्हतं की तो मी आहे. आता माहीत झालं. पुढच्या रविवारी मी त्या दारात येऊन उभा राहीन. तुला जे म्हणायचं असेल ते काकूंना सांग. त्या मला सांगतील आणि मी तसंच करीन. पुन्हा दाराशी बसव म्हणालीस तर दाराशी बसेन. घाई करू नकोस.

तुझा भाऊ